एक हजार नंबरचा मालक

१

अण्णांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो सांगूनसवरून. डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली, सगळ्यांना समोर बसवून समजावलं आणि मग ऑपरेशन केलं. दुसऱ्यांदा गेला तो सोमवारी सकाळी, स्टुडिओतल्या नव्या कोऱ्या डिस्कवरून, आणि या खेपेला कोणी कोणाला काहीही विचारलेलं नव्हतं.

अण्णा म्हणजे, घराखालच्या या स्टुडिओत जिला वहिनी म्हणत, तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी पुस्तकं वाचून दाखवण्यात घालवला होता. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वेळ नाही, ज्यांना वाचायचा कंटाळा आहे, अशा सगळ्यांसाठी ते काचेमागे बसून वाचत. त्या वाचनाची मूळ ध्वनिमुद्रणं, संगीत न मिसळलेली, खोकल्या-ठसक्यांसकट, एका फोल्डरमध्ये जपून ठेवली होती. फोल्डरला नावही फक्त 'अण्णा'. जुन्या यंत्राची डिस्क घरघर करायला लागली तेव्हा नवं यंत्र आणि नवी डिस्क आणली गेली आणि रविवारभर बसून कानसेनने सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. कानसेन हा स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. तो इतकं बारीक ऐकायचा की त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच काय ते आठवत असेल. जुन्या डिस्कने मात्र इमान राखलं. नकल पूर्ण झाली आणि तिने मान टाकली.

सोमवारी वहिनी पायऱ्या उतरून स्टुडिओत आली तेव्हा नवरा आणि कानसेन पडद्याला नाक लावून उभे होते. 'अण्णा' फोल्डर उघडत नव्हतं. परवानगी नाही, असं यंत्र सांगत होतं. वाचायची नाही, लिहायची नाही, आत जायची नाही, कोणालाच नाही. कानसेनने यंत्राला विचारलं, हे आहे तरी कोणाच्या मालकीचं? यंत्राने एक नाव दाखवलं. वहिनी.

तिला आधी वाटलं, थट्टा चाललीय. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते वाटणं तिथेच विरलं.

"तुझं कुलूप आहे," तो म्हणाला. "तूच काढ."

तिने आपला पासवर्ड घातला. कानसेनने सांगितली ती ओळ टाइप केली. कुलूप लावणाऱ्यालाच ते काढता येतं, असा या यंत्रांचा नियम असतो. कुलूप निमूटपणे निघालं, आणि वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. कारण ते निघायला नको होतं. तिने ते लावलंच नव्हतं.

आत सगळी पुस्तकं जागच्या जागी दिसत होती. कानसेनने हेडफोन चढवले, पहिलं उघडलं, डोळे मिटून ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हेडफोन काढून त्याने ते टेबलावर इतके हळू ठेवले, जणू काचेचे होते. नवऱ्याने वैतागून आवाज मोठ्या स्पीकरवर घेतला. शांतता. दुसरं पुस्तक लावलं, तिथेही शांतता. प्रत्येक नावाखाली रिकाम्या खोलीचा तोच निःशब्द हुंकार भरलेला. जपून ठेवायची वेगळी प्रत होती, पण ती दर रात्री आपोआप नवी व्हायची, त्यामुळे तिच्यातही तेच उतरलं होतं.

दाराजवळच्या खुर्चीत, गळ्याला रुमाल गुंडाळून, अण्णा रोजच्यासारखे बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

नवरा बायकोकडे वळला. "का केलंस?" त्याने विचारलं.

२

आता हा प्रश्न त्याने हवेतून काढला नव्हता, हेही सांगायला हवं. एका मोठ्या कंपनीला अण्णांची मूळ ध्वनिमुद्रणं हवी होती. त्यांवरून यंत्राला अण्णांचा आवाज शिकवायचा, म्हणजे अण्णांनी कधी न वाचलेली पुस्तकंही अण्णांच्याच आवाजात निघणार. नवऱ्याने होकार देऊन टाकला होता. गुरुवारी सह्या होत्या. आणि या गोष्टीला घरात एकाच माणसाने विरोध केला होता. जेवणाच्या टेबलावर, ताट बाजूला सारून, वहिनीने विचारलं होतं की ज्याचा आवाज आहे त्याला कोणी विचारलं का? अण्णांनी तेव्हा ताटातून मान वर केली नव्हती. नवरा म्हणाला होता, त्यांचं भलं मला कळत नाही का? भांडण चार दिवस पुरलं होतं.

म्हणजे हेतू तिचा, नाव तिचं, कुलूप तिचं आणि किल्लीही तिचीच. तिने परोपरीने सांगितलं की मला यातलं काही ठाऊक नाही. सांगताना तिचा आवाज कापत होता, आणि खरं बोलणाऱ्याचा आवाज कापला की तो खोटारडा वाटतो, हा जगाचा न्याय आहेच. ती मदतीसाठी कानसेनकडे वळली. एरवी वहिनी-वहिनी करत चहा मागणारा हा माणूस वायर गुंडाळत बसला. गुंडाळलेली सोडायचा, परत गुंडाळायचा.

नवऱ्याने कंपनीला फोन केला. त्यांनी एका बाईंचं नाव सुचवलं. हरवलेला, पळवलेला, पुसलेला मजकूर शोधणं हाच त्यांचा धंदा. फोन ठेवून तो वहिनीला म्हणाला, "त्या येईपर्यंत वेळ आहे. कबूल कर, आपण घरातल्या घरात मिटवू. त्यांनी शोधून काढलं, तर मग तुझं-माझं काही राहणार नाही. मी गंमत करत नाहीये."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांचा संसार एका पडद्यावरच्या एका शब्दाने तराजूत घातला होता, आणि पारडं कुठे झुकलंय ते स्पष्ट दिसत होतं. रडावंसं वाटलं तरी रडू येईना, एवढी ती हादरली होती. अण्णांची औषधाची वेळ झाली होती म्हणून तिने गोळी आणि पाणी त्यांच्या हातात दिलं. पाणी त्यांच्या रुमालावर सांडलं. तिने ते पुसलं.

३

दुपारी बाई आल्या. जाड अंगाच्या, पायात पळायचे बूट, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा. खुर्ची ओढून पंख्याखाली बसल्या आणि पहिली पाच मिनिटं नुसत्या घाम पुसत होत्या. नवऱ्याने सगळी हकीगत सांगितली आणि वर जोडलं की यंत्र काही खोटं बोलत नाही.

"नाही बोलत," बाई म्हणाल्या. "माणसं खोटं बोलतात, यंत्रं अर्धवट बोलतात. मला दुसरं परवडतं."

एकेकाला वेगळं बोलावून दटावायची त्यांची रीत नव्हती. सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. शनिवार दुपारची वेळ त्या पोकळ पुस्तकांवर उमटलेली होती, तेव्हा त्या दुपारी कोण कुठे होतं, एवढंच आधी विचारलं. नवरा कंपनीच्या लोकांना भेटायला गेला होता. कानसेन नवी डिस्क आणायला बाजारात. घरात राहिली वहिनी. ती म्हणाली, अण्णांना काचेमागच्या खोलीत बसवून मी वर आवरायला गेले होते, तिथे शांत असतं म्हणून त्यांना बरं वाटतं. नवऱ्याने बाईंकडे असं पाहिलं की ऐकलंत ना, घरात हीच होती.

बाईंनी ते ऐकल्यासारखं केलं नाही. त्यांनी भलतंच विचारलं. नव्या यंत्राचा कोणाला काही त्रास होतोय का?

हा काय प्रश्न झाला? पण त्रास म्हटलं की माणसाचं तोंड आपोआप उघडतं. नवऱ्याने सांगितलं की सकाळपासून त्याला स्वतःचेच जुने हिशेब उघडता येतायत, पण त्यात बदल करून ठेवता येत नाहीत. यंत्र म्हणतं, हे तुमचं नाही. कानसेनचंही तेच गाऱ्हाणं होतं. त्याने स्वतः जुळवलेल्या जुन्या कामांना त्याला हात लावता येईना. वहिनीने सांगितलं की मी कापून-जोडून ठेवलेले सगळे भाग नुसते बघता येतात, दुरुस्त होत नाहीत.

"एकूण काय, ज्याच्या त्याच्या घरात जो तो पाहुणा," बाई म्हणाल्या. मग कानसेनकडे वळल्या. "नव्या यंत्रावर सगळ्यांची खाती तुम्ही उघडलीत. कुठल्या क्रमाने?"

कानसेनला क्रम वगैरे काही सुचलाच नव्हता. जो हाताशी सापडला त्याचं उघडलं. वहिनी शेजारीच बसली होती म्हणून पहिलं तिचं. मग स्वतःचं. संध्याकाळी दादा आले (नवऱ्याला तो दादा म्हणायचा), तेव्हा त्यांचं.

"आणि अण्णांचं?"

नवरा म्हणाला, "त्यांना आता कशाला लागणार आहे?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. हे खातं उघडायचं राहिलंय, हे रविवारी वहिनीच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी चष्मा चढवला आणि डिस्कवर इकडेतिकडे फिरायला लागल्या. एका कोपऱ्यात त्यांना फोटो सापडले. एक तपकिरी कुत्रा, अंगणात, खाटेखाली, अण्णांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलेला. बाईंनी फोटोंची तारीख पाहिली, मालक पाहिला आणि खुर्ची वहिनीकडे फिरवली.

"हा कुत्रा तुमचा?"

"नाही. मी तो पाहिलेलाही नाही. माझ्या लग्नाआधीच गेला म्हणे."

"हे फोटो काढले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

वहिनीने तारीख वाचली. "कॉलेजात. या घराचा पत्ताही माहीत नव्हता मला."

"मग इथे असं का लिहिलंय," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, "की या फोटोंची मालकीण तुम्ही आहात?"

४

नवरा पुढे झाला. त्याने वाचलं, परत वाचलं. सकाळी ज्या शब्दावर त्याने बायकोला दोषी ठरवलं, तोच शब्द कुत्र्याच्या शेपटीलाही बांधलेला होता.

बाईंनी पाणी मागितलं, घोटभर प्यायल्या आणि समजावून सांगायला लागल्या. डिस्क माणसांची नावं लक्षात ठेवत नाही, म्हणाल्या. ती फक्त नंबर लक्षात ठेवते. कोणता नंबर कोणाचा, हे यंत्राला माहीत असतं, डिस्कला नाही. यंत्रावर पहिलं खातं उघडलं की त्याला एक हजार नंबर मिळतो, पुढच्याला एक हजार एक, असं चालतं. दवाखान्यातल्या टोकनासारखं आहे हे. एका दवाखान्यातलं टोकन खिशात घालून दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तर तुमच्या नंबरला तिथला भलताच रोगी उठून उभा राहणार. कानसेनने जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं आणलं, आत न डोकावता, नंबरांसकट आणि कुलपासकट. पण नव्या यंत्रावर खाती उघडली ती बसल्या क्रमाने. म्हणून प्रत्येकाचा माल दुसऱ्याच्या नावावर गेला.

मग त्यांनी एकेक उघडून दाखवलं. नवऱ्याचे जुने हिशेब कानसेनच्या नावावर निघाले. कानसेनची जुनी कामं नवऱ्याच्या नावावर. आणि वहिनीच्या कामांवर तर नावच नव्हतं, नुसता नंबर होता, एक हजार तीन. जुन्या यंत्रावर चार माणसं होती आणि नव्यावर तीनच, त्यामुळे तो नंबर घ्यायला कोणी उरलंच नव्हतं.

"म्हणजे कुलूप लावणारा माणूस जुन्या यंत्रावर एक हजार नंबरचा होता," बाई म्हणाल्या. "दादांचा नंबर तो नव्हे. ध्वनिमुद्रकांचा नव्हे. सूनबाईंचा तर नव्हेच नव्हे. जुनं यंत्र या घरात आलं, तेव्हा पहिलं खातं कोणाचं उघडलं होतं?"

कानसेनने वायर खाली ठेवली. "अण्णांचं," तो म्हणाला.

वहिनीने दाराजवळच्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. बघितलं तर ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

नवऱ्याने मात्र हार मानली नाही. त्याचा मुद्दाही बिनतोड होता. अण्णांचा पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक होता. अण्णांच्या खात्यात शिरून दुसऱ्या कोणीही हे केलं असेल. आणि हे बोलताना त्याची नजर पुन्हा बायकोवर गेली. पुन्हा. वहिनीने ते पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, हे त्याने जणू ठरवूनच टाकलं होतं.

"मुद्दा बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा आता नंबर बाजूला ठेवू. ती शांतताच ऐकू."

त्यांनी एक पुस्तक लावलं आणि आवाज वाढवत नेला. आधी नुसता खोलीचा हुंकार. अजून वाढवला. मग त्या हुंकाराच्या तळाशी काहीतरी ऐकू यायला लागलं. एक बारीक शीळ. आत. बाहेर. आत. बाहेर. श्वास, पण नाकातला नव्हे, तोंडातला नव्हे.

ऑपरेशननंतर अण्णा गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेत. त्या श्वासाला अशीच शीळ होती. ती या घरात दुसऱ्या कोणाची असणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं," बाई कानसेनला म्हणाल्या. त्यांनी हे विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

कानसेनने होय म्हणून मान हलवली. अण्णांनी त्याला ऐकायला शिकवलं होतं. सकाळी पहिल्या दोन श्वासांतच त्याने ओळखलं. पण अण्णांचं नाव त्याच्या जिभेवर येईना. "वहिनी, मला वाटलं ते स्वतःच सांगतील," तो म्हणाला. "थोड्या वेळाने सांगतील. मग वाटलं, जेवणानंतर सांगतील."

५

अण्णा उठले. चालत टेबलापाशी आले, कीबोर्ड पुढे ओढला आणि पडद्यावर लिहायला लागले. एका बोटाने, हळूहळू. सगळे मागे उभे राहून वाचत होते.

त्यांनी लिहिलं की शनिवारी काचेमागे बसून त्यांनी एकदाच शांतता मुद्रित केली आणि ती प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली भरली. मग फोल्डरला कुलूप लावलं, कारण नकल करता करता कानसेन एखादं पुस्तक ऐकून बघेल आणि वेळेआधी बोभाटा होईल अशी भीती होती. लोकांसाठी वाचलेली पुस्तकं लोकांकडे आहेत, ती राहू देत. पण मी न वाचलेलं, मला न पटणारं, माझ्या तोंडी कोणी घालू नये. मला कोणी विचारलं नाही. विचारलं फक्त तिने.

"मग तेव्हाच सांगायचं होतंत अण्णा," नवरा म्हणाला.

अण्णांचं बोट थांबलं. मग पुन्हा चालायला लागलं.

कुलपावर माझं नाव दिसेल, याची तयारी होती. सकाळी तिचं दिसलं. का दिसलं ते मला कळलं नाही. वाटलं, तिच्यावर तू दोन दिवस रागावशील आणि सोडून देशील. माझ्यावर रागावला असतास तर शेवटपर्यंत बोलला नसतास. माझं आता राहिलंय किती?

वहिनीने ते वाचलं. सकाळपासूनचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. नवऱ्याने ओळखलं नाही, कानसेनने तोंड उघडलं नाही, ते तिने कसंबसं गिळलं असतं. पण ज्याच्यासाठी ती भांडली, ज्याच्या गळ्यातली नळी ती रोज स्वच्छ करत होती, तो माणूस तिला दोषी ठरवलं जात असताना चार हातांवर बसून होता. तिच्या हातची गोळी घेतली होती त्याने, तेव्हाही.

बाईंना अशा प्रसंगांची सवय असावी. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेतला, अण्णांच्या नावाने नवं खातं उघडलं आणि एकेक फोल्डर ज्याचं त्याच्या मालकीचं करायला लागल्या. नवऱ्याचं नवऱ्याला, कानसेनचं कानसेनला. कुत्रा अण्णांकडे गेला, शांततेची सगळी पुस्तकंही अण्णांकडे गेली. बेवारस नंबरापाशी आल्यावर त्यांनी वहिनीला विचारलं की हे तुमच्या नावावर करते, बरोबर?

"करा," वहिनी म्हणाली. "आणि मला एक प्रत काढून द्या. मी जाताना घेऊन जाईन."

नवरा दचकला. तो तिच्याजवळ आला, हात धरायला गेला, धरला नाही. म्हणाला की माझं चुकलं. यंत्रावर नावच तसं होतं, मी तरी काय समजणार होतो? कंपनीला उद्याच नाही म्हणून कळवतो. जे झालं ते सोडून दे.

"तू मला 'का केलंस' एवढंच विचारलंस," ती म्हणाली. "केलंस की नाही, ते दिवसभरात एकदाही विचारलं नाहीस. बाईंनी शांतता ऐकवायच्या आधी तर तू परत माझ्याकडेच बघितलंस. यंत्रावरचं माझं नाव तेव्हा पुसलं गेलं होतं."

बाईंनी छोटी डिस्क तिच्या हातात दिली आणि सामान आवरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. वहिनी वर गेली, पिशवीत चार कपडे भरले, बहिणीला फोन करून येतेय म्हणून सांगितलं. अण्णांच्या गोळ्या कधी कुठली द्यायची ते तिने खाली आल्यावर नवऱ्याला समजावलं. नळी स्वच्छ कशी करायची तेही सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याच्या काही लक्षात राहणार नाही हे दिसत होतं, म्हणून तिने ते दुसऱ्यांदा सांगितलं.

ती दाराशी पोचली तेव्हा अण्णा वाटेत उभे होते. दोन्ही हात चौकटीला टेकलेले. त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हताच, नुसते ओठ, भराभर, एकामागून एक शब्द. मागून नवरा विचारत होता, अण्णा काय म्हणतायत, कानसेन, तुला कळतंय का? कानसेनला कळत नव्हतं. ऑपरेशननंतर त्या घरात अण्णांचे ओठ वाचायला वहिनी एकटीच शिकली होती.

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. खाली वाकून ती चपलेचा पट्टा लावत राहिली, त्यांचं बोलून होईपर्यंत.